रक्तवाहिनीचे अस्तर आणि ॲस्पिरिनची गोळी

काही आठवड्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली होती आणि चर्चच्या आवारात आम्ही चारपाच जण बोलत उभे होतो. त्यांत टपालखात्यातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. मला बाजूला घेऊन त्यांनी खिशातून गोळ्यांचे एक पाकीट काढले आणि म्हणाले, ‘सर, आमच्या शेजाऱ्यांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला आहे. डॉक्टरांनी त्यांना रोज ॲस्पिरिनची ही एवढीशी गोळी घ्यायला सांगितली आहे. मला काही झालेले नाही. पण होऊ नये म्हणून मीही सुरू केली. आता मला सांगा, हीच गोळी डोकेदुखीसाठी चौपट मोठी मिळते. ती घेतली तर राखणही चौपट होणार नाही का?’

मी डॉक्टर नव्हे. शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो, एवढाच माझा अधिकार. म्हणून ‘काका, आधी डॉक्टरांना विचारा आणि तोवर नवी गोळी फोडू नका’ असे सांगून मी त्यांचा निरोप घेतला. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. चौपट औषधाने चौपट गुण येत नाही, हे कोणीही सांगेल. येथे मात्र याहून चमत्कारिक प्रकार आहे. ॲस्पिरिनची मात्रा वाढवीत गेले तर तिचा गुण वाढत नाहीच, उलट ज्या रक्तवाहिनीचे रक्षण करावयाचे तिच्याच हातातील एक शस्त्र ती काढून घेऊ लागते. हे कसे घडते, ते आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

शिंप्याकडे कोट शिवावयास टाकला म्हणजे तो अस्तराचे कापड वेगळे मागतो. अस्तर म्हणजे आत दडलेले, कमी मोलाचे, केवळ वरच्या कापडाला आधार देणारे, अशी आपली समजूत असते. आपल्या रक्तवाहिन्यांनाही आतून असे एक अस्तर आहे. ते फक्त एका पेशीच्या जाडीचे असते. फरसबंदीच्या दगडांप्रमाणे चपट्या पेशी एकीला एक लागून बसलेल्या असतात. त्यांच्यावरून रक्त अहोरात्र वाहत असते. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई करावी तसे हे काहीतरी असेल, असे वैद्यकशास्त्रानेही पुष्कळ वर्षे मानले. कल्हई निर्जीव असते. ती आंबटाचा संपर्क टाळते, याहून अधिक काही करीत नाही.

ही समजूत कशी ढासळली त्याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. न्यूयॉर्कमधील रॉबर्ट फर्चगॉट हे शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या घेऊन त्यांवर निरनिराळ्या द्रव्यांचे प्रयोग करीत. ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य घातले की पट्टी कधी आकसे, तर कधी सैल पडे. एकाच द्रव्याचे असे दोन परस्परविरुद्ध परिणाम का व्हावेत? शोध घेता आढळले की, पट्ट्या कापताना ज्यांचे आतील अस्तर नकळत घासले जाऊन निघून गेले होते, त्या आकसत होत्या. ज्यांचे अस्तर शाबूत होते, त्या सैल पडत होत्या. म्हणजे सैल होण्याचा हुकूम स्नायूला अस्तराकडून मिळत होता. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. तो हुकूम नेणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ सालचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळाले. प्रयोगशाळेतील हाताच्या किंचित निष्काळजीपणातून एवढे मोठे सत्य बाहेर पडावे, याचे माझ्या वर्गातील मुलांना फार कौतुक वाटते. अर्थात स्वतःच्या निष्काळजीपणाचे समर्थन म्हणून!

तेव्हा हे अस्तर जिवंत आहे आणि जागे आहे. रक्तवाहिनी किती रुंद ठेवायची, रक्तातील कोणाला चिकटू द्यायचे आणि कोणाला दूर ठेवायचे, याचा निर्णय ते क्षणोक्षणी करीत असते. त्याच्या कामांपैकी सर्वांत मोठे काम हे की, वाहते रक्त वाहतेच ठेवणे, आत गोठू न देणे.

आता रक्ताची बाजू पाहू. रक्तात लाल व पांढऱ्या पेशींखेरीज बिंबाणू असतात. डेंग्यूच्या साथीमुळे ‘प्लेटलेट्स’ हे त्यांचे इंग्रजी नाव आता घरोघर माहीत झाले आहे. एका घनमिलिमीटर रक्तात ते दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. बिंबाणू ही पुरी पेशी नव्हे. हाडांच्या मगजातील प्रचंड पेशींचे ते सुटे झालेले तुकडे होत. त्यांना केंद्रक नसते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण आजच्या साऱ्या कथेची किल्ली तीच आहे. बोट कापले की बिंबाणू धाव घेतात, जखमेला चिकटतात, एकमेकांना हाका मारून गोळा करतात आणि बांध घालतात. ते नसते तर सुरीने कांदा चिरणेही जिवावरचे ठरले असते.

संकट उद्भवते ते हा बांध नको त्या ठिकाणी पडला म्हणजे. वर्षानुवर्षांचा तंबाखूचा धूर, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेद यांनी हृदयाच्या धमनीचे अस्तर आजारी होते. त्याखाली मेदाचा थर साचतो. आणि एखाद्या दिवशी तेथील अस्तर फाटते. बिंबाणूंना काय ठाऊक, ही बोटावरची चीर आहे की हृदयाच्या धमनीतील? ते आपले कर्तव्य इमानाने बजावतात. काही मिनिटांत गुठळी धरते, धमनी बंद होते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

बिंबाणूंची ती हाक म्हणजे थ्रॉम्बोक्सेन नावाचे द्रव्य. स्वीडनमधील सॅम्युएलसन व त्यांचे सहकारी यांनी ते १९७५ साली ओळखले. ते बिंबाणूंना एकत्र जमवते आणि रक्तवाहिनीला आवळते. त्याचे आयुष्य जेमतेम अर्ध्या मिनिटाचे. पण तेवढ्यात काम होऊन जाते. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, इंग्लंडमध्ये जॉन व्हेन आणि साल्व्हादोर मोन्कादा यांच्या गटाला उलट गुणाचे द्रव्य सापडले. रक्तवाहिनीची भिंत असे काही तयार करते की ज्यामुळे बिंबाणू एकमेकांना चिकटत नाहीत आणि रक्तवाहिनी सैल पडते. नाव माहीत नसल्यामुळे आरंभी त्यांनी त्याला नुसते ‘एक्स’ हे अक्षर लावले होते. पुढे त्याचे प्रोस्टासायक्लिन असे नामकरण झाले. ते मुख्यतः अस्तराच्या पेशी तयार करतात. एक ‘गोळा व्हा’ म्हणतो, दुसरा ‘पांगा’ म्हणतो. या दोन आज्ञांच्या तोलावर आपले रक्त वाहत राहते.

गंमत अशी की, ही दोन्ही द्रव्ये एकाच धान्याची बनतात. पेशींच्या आवरणातून ॲरॅकिडोनिक आम्ल नावाचा मेदाचा अंश सुटतो. तो सायक्लो-ऑक्सिजनेज या विकरात, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एका प्रथिनात, शिरतो आणि त्याचे जणू पीठ होऊन बाहेर पडते. ह्या विकराला आपण गिरणी म्हणू. त्या पिठाची बिंबाणू थ्रॉम्बोक्सेनची भाकरी थापतात. अस्तराच्या पेशी त्याच पिठाची प्रोस्टासायक्लिनची भाकरी करतात. गिरणी बंद पडली तर दोन्ही घरच्या चुली थंड!

आणि ॲस्पिरिन नेमकी गिरणीच बंद करते.

ॲस्पिरिनचा पूर्वेतिहास सांगावयाचा तर सारी वेळ त्यातच जाईल. विलो या झाडाच्या सालीने हिवताप उतरतो, असे एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्रीसाहेबांनी १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. साल कडू लागली म्हणून त्यांना सिंकोनाच्या सालीची आठवण झाली. आणि ती सिंकोनाची साल युरोपात ‘जेझुइटांची साल’ म्हणून ओळखली जाई, कारण जेझुइट पाद्र्यांनी ती दक्षिण अमेरिकेतून आणली होती. विलोच्या सालीतील गुणाचे द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात वेगळे केले, त्याचे सॅलिसिलिक आम्ल झाले, आणि ते पोटाला सोसेना म्हणून त्याला ॲसिटिल नावाची एक लहानशी जोड देऊन १८९७ साली बायर या जर्मन कंपनीत आजचे शुद्ध औषध तयार झाले. १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. पुढची सत्तर वर्षे जगाने ते मणांवारी गिळले. पण ते कसे काम करते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९७१ साली वर सांगितलेल्या जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की, ॲस्पिरिन ही गिरणी थांबवते. वेदना, ताप आणि सूज यांना कारण होणारी प्रोस्टाग्लँडिने याच गिरणीच्या पिठाची असतात, म्हणून एका गोळीने तिन्ही शमतात. १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकात बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्याबरोबर व्हेन यांचाही वाटा होता.

गिरणी थांबवण्याची ॲस्पिरिनची रीत मात्र अजब आहे. आमच्या शाळेत परीक्षेच्या दिवशी एखादा उपद्व्यापी मुलगा वर्गाच्या कुलपात आगकाडी खुपसून मोडून ठेवतो. मग किल्ली आत जातच नाही. ॲस्पिरिन अगदी हेच करते. गिरणीच्या आतील वाटेवर सेरीन नावाचा एक घटक आहे; ॲस्पिरिन आपली ॲसिटिलची काडी त्याला कायमची चिकटवते आणि स्वतः निघून जाते. वाट अडते, धान्य आत शिरत नाही. दुसरी पुष्कळ वेदनाशामके, उदाहरणार्थ आयबुप्रोफेन, कुलपात नुसती किल्लीसारखी येऊन बसतात. काही तासांनी किल्ली निघते आणि गिरणी पूर्ववत सुरू होते. ॲस्पिरिनची काडी निघत नाही. ते कुलूप मोडलेच म्हणावयाचे. (आयबुप्रोफेन आधीच घेतलेली असेल तर कुलपात किल्ली बसलेली असल्यामुळे काडीला जागा मिळत नाही आणि ॲस्पिरिनचा डोस फुकट जाऊ शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी गुडघेदुखीच्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, ती याचसाठी.)

येथवर आलो म्हणजे खरा पेच समोर उभा राहतो. कुलूप दोन्ही घरांचे मोडले, थ्रॉम्बोक्सेनही गेले आणि प्रोस्टासायक्लिनही गेले, तर लाभ कोणता झाला? चोर आणि पहारेकरी दोघांनाही एकाच खोलीत कोंडण्यासारखे हे नव्हे काय? १९७६ नंतर ही शंका शास्त्रज्ञांनाही सतावीत होती.

उत्तर आहे त्या केंद्रकात, जे बिंबाणूंना नाही आणि अस्तराच्या पेशींना आहे. केंद्रक म्हणजे पेशीच्या साऱ्या यंत्रांचे आराखडे ठेवण्याची पेटी. अस्तराच्या पेशीची गिरणी मोडली, तर ती आराखडा काढते आणि काही तासांत नवी गिरणी उभारते. बिंबाणू बिचारा वाटसरू. घरून निघताना जे बरोबर घेतले तेवढ्यावर त्याला आयुष्य काढावयाचे असते. त्याची गिरणी एकदा मोडली की मोडली. त्याचे आयुष्य आठदहा दिवसांचे. ते तो मुकाट्याने, हाक न मारता, संपवतो. मगजातून रोज सुमारे शंभर अब्ज नवे बिंबाणू रक्तात उतरतात, म्हणजे दर दिवशी साधारण एकदशांश फौज नवी येते. तेवढ्यांची कुलपे मोडावयास रोज अगदी थोडी ॲस्पिरिन पुरते. शेजाऱ्यांची गोळी एवढीशी का, याचे अर्धे उत्तर हे झाले.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या शरीराच्या रचनेत आहे, आणि मला स्वतःला ते फार आवडते. गिळलेली गोळी पोटात व आतड्यांत विरघळते. तेथील रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जाते. त्या आखूड वाटेवरून जे बिंबाणू जात असतात त्यांना ॲस्पिरिन पुऱ्या जोराने भेटते आणि त्यांची कुलपे तेथेच मोडतात. मग यकृत त्या ॲस्पिरिनपैकी जवळजवळ अर्धीची ॲसिटिल जोड काढून टाकते. काडीच गेली, उरले नुसते सॅलिसिलिक आम्ल, ज्याला कुलूप मोडता येत नाही. पुढे गेलेली ॲस्पिरिनही रक्तात पंधरावीस मिनिटांत निम्मी होते. म्हणजे मात्रा लहान असेल तर हृदय, मेंदू, हातपाय यांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत ती फारच क्षीण होऊन पोचते. बिंबाणूंना मात्र फिरत फिरत त्या नाक्यावरून जावेच लागते. नाक्यावर बसून जकात घेणाऱ्याला गावभर हिंडावे लागत नाही, तसे हे आहे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आता दिसू लागते. पंचाहत्तर किंवा शंभर मिलिग्रॅमची रोजची गोळी काही दिवसांतच बहुतेक साऱ्या बिंबाणूंना मुके करते आणि अस्तराला बरेचसे मोकळे सोडते. तीनशे मिलिग्रॅमची घेतली तर मुक्यांना आणखी मुके करता येत नाही. जास्तीची ॲस्पिरिन यकृताच्या नाक्यापलीकडे जाऊन अस्तराचे प्रोस्टासायक्लिन तोडू लागते, आणि पोटाच्या आतील संरक्षक प्रोस्टाग्लँडिनांवरही अधिक घाला घालते. निरनिराळ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब २००२ साली मांडला गेला, तेव्हाही रोज पंचाहत्तर ते दीडशे मिलिग्रॅमपेक्षा मोठ्या मात्रेने अधिक संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही.

अस्तराचे प्रोस्टासायक्लिन खरोखरच एवढ्या मोलाचे आहे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जगाला फार महाग पडले. गिरण्या दोन जातींच्या असतात, असे १९९०च्या सुमारास कळले. बिंबाणूंत पहिल्या जातीची असते. सुजेच्या ठिकाणी दुसऱ्या जातीची उभी राहते. आणि रक्तवाहिन्यांत तयार होणारे प्रोस्टासायक्लिनही पुष्कळसे ह्या दुसऱ्या जातीवर अवलंबून असते, असे मानले जाते. पोटाला त्रास होऊ नये म्हणून केवळ दुसरी जात बंद करणारी सांधेदुखीची औषधे निघाली. त्यांतील रोफेकॉक्सिब हे औषध लक्षावधी लोकांनी घेतले. त्याने ‘पांगा’ म्हणणारा आवाज दबला आणि ‘गोळा व्हा’ म्हणणारा तसाच राहिला. म्हणजे ॲस्पिरिनच्या लहान मात्रेच्या अगदी उलट. घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढल्याचे चाचणीत दिसून आले आणि २००४ च्या सप्टेंबरात ते औषध जगभरच्या बाजारांतून मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली.

अस्तरावरील ॲस्पिरिनच्या परिणामांची यादी येथे संपत नाही. दुसऱ्या जातीच्या गिरणीत काडी मोडली तर ती पुरती बंद पडत नाही. तिच्यातून वेगळ्याच प्रतीचे पीठ निघू लागते. शेजारून जाणारी पांढरी पेशी ते उचलते आणि त्याचे लायपॉक्सिन जातीचे, सूज निववणारे द्रव्य बनवते. अस्तराची पेशी आणि पांढरी पेशी यांची ही भागीदारी क्लारिया आणि सेरहान यांनी १९९५ साली दाखवली. धमन्या कठीण झालेल्या रुग्णांत ॲस्पिरिनने अस्तराची रक्तवाहिनी सैल करण्याची शक्ती काहीशी सुधारते, असेही १९९८ साली आढळून आले. परंतु म्हणून ॲस्पिरिन फाटलेले अस्तर शिवते, असे कोणी समजू नये. ती शिंपी नव्हे. ती फक्त जमावाला आवरते. अस्तर बिघडू न देण्याचे काम विडी सोडणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, पाय मोकळे करणे यांचेच आहे.

प्रयोगशाळेतील ही उपपत्ती माणसांत उतरते काय? याचा पहिला कानोसा कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन या साध्या डॉक्टरांना लागला. गळ्यातील गाठी काढल्यावर त्यांचे रुग्ण वेदनेसाठी ॲस्पिरिनचा च्युइंगगम चघळीत आणि त्यांतील काहींना फार रक्तस्राव होई. ज्याने रक्त थांबत नाही, त्याने गुठळीही होणार नाही, असा सरळ तर्क करून त्यांनी आपल्या रुग्णांना ॲस्पिरिन देण्यास आरंभ केला आणि १९५० पासून लहानसहान नियतकालिकांत ते लिहिले. तुलनेसाठी औषध न घेतलेल्यांचा गट नसल्यामुळे त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९५७ साली ते स्वतः हृदयविकारानेच वारले.

निर्णायक पुरावा १९८८ साली आला. झटका येऊन गेल्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच सुरू करून महिनाभर दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू जवळजवळ एकचतुर्थांशाने घटले. या चाचणीतील एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. आकड्यांची अति चिरफाड केली तर कसे फसावयास होते हे दाखवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम रुग्णांच्या राशी मांडल्या, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिन मानवत नाही, असे ‘सिद्ध’ झाले! तेव्हा वर्तमानपत्राच्या राशिभविष्याचा आधार घेऊन कोणी गोळी बंद करू नये.

ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, ज्यांना स्टेंट बसवला आहे, त्यांच्या बाबतीत ही गोळी फार मोलाची ठरली आहे. त्यांनी ती आपल्या मनाने सोडणे धोक्याचे. दात काढावयाचा आहे म्हणून, किंवा बरे वाटते म्हणून गोळी थांबवली, की रोज एकदशांश या हिशेबाने हाक मारणारे नवे बिंबाणू जमू लागतात आणि आठवड्याभरात फौज पुन्हा पूर्वीसारखी होते. नव्या स्टेंटवर तर अस्तर चढावयास वेळ लागतो. तोवर ती उघडी तार रक्तात असते. दंतवैद्याने सांगितले तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये.

परंतु ज्यांना काहीच झालेले नाही, त्यांचे काय? आमच्या काकांचा प्रश्न खरा हा होता. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ निरोगी वृद्धांवर, बहुतेक सत्तरीपुढील, झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. रोज शंभर मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत दर वर्षी हजारी १०.७ जणांना हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार झाले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ११.३ जणांना. हा फरक नसल्यासारखाच. गंभीर रक्तस्राव मात्र हजारी ६.२ वरून ८.६ वर गेला. मुके केलेले बिंबाणू पोटातील व्रणावर किंवा मेंदूतील फुटलेल्या बारीक नळीवरही बांध घालीत नाहीत, हे त्याचे कारण. आतड्यात विरघळणारे वेष्टन असलेली गोळी घेतली म्हणजे पोट सुरक्षित, असेही नाही. औषध रक्तावाटे पोटाच्या अस्तरापर्यंत पोचतेच.

पावसाळ्याच्या दिवसांत आणखी एक सांगावेसे वाटते. डेंग्यूच्या तापात रक्तवाहिन्यांचे अस्तर पाझरू लागते आणि बिंबाणूही घटतात. अशा वेळी उरलेल्या बिंबाणूंना ॲस्पिरिनने मुके करणे म्हणजे घराला गळती लागली असता गवंड्याचे हात बांधण्यासारखे आहे. तापाचे निदान होईपर्यंत घरातील ॲस्पिरिनला आणि आयबुप्रोफेनलाही हात लावू नये. तापासाठी पॅरासिटामॉल, आणि तेही डॉक्टर सांगतील त्या मापाने.

काकांची हकिकत अर्धी राहिली. दोन रविवारांनंतर ते पुन्हा भेटले. डॉक्टरांनी त्यांना पहिलाच प्रश्न पोटाविषयी केला होता. तेव्हा दहा वर्षांपूर्वी झालेल्या व्रणाची, जो ते स्वतः पार विसरून गेले होते, त्यांच्या पत्नीला आठवण झाली. गोळी बंद झाली. रक्तदाब तपासला, तो चढलेला निघाला. त्यावरची वेगळी गोळी मिळाली आणि संध्याकाळी चालायला जाण्याची ताकीद मिळाली. काका थोडे हिरमुसलेले दिसले. शेजाऱ्यांची गोळी अर्थात चालूच आहे. तिच्या पाकिटावर त्यांच्या सूनबाईंनी निळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: ‘दुपारी जेवणानंतर. एकच.’